सूड, व्हाया हॉकी

२ ऑक्टोबर. दसरा.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलंय, त्याची नोंद राहिली पाहिजे. वाचणारा मी एकटाच.

सकाळी शस्त्रपूजा. पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, अनुराधाचा मिक्सर, ईशानीची हॉकी स्टिक. ईशानीने तिचे गोलकीपरचे पॅड आणि हेल्मेटही आणून ठेवलं. वास असा की उदबत्ती हरली. ते बाल्कनीत न्यायला लावलं. ती म्हणाली, बट बाबा, दोज आर माय वेपन्स. मी समजावलं की शस्त्र म्हणजे ज्याने मारतात ते, अंग झाकायच्या वस्तूंची पूजा नसते. मग ढालीचं काय, असं अनुराधाने विचारलं. सणासुदीला बायकोशी वाद घालू नये.

११.१५. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुशलचा मेसेज. ‘प्राउड फादर मोमेंट! अमेरिकेतल्या एका मोठ्या कॉलेजच्या हॉकी कोचने आमच्या शुभ्राचा व्हिडिओ पाहून क्लबकडे आणखी व्हिडिओ मागितलेत. अजून नववीतच आहे! तुमचे आशीर्वाद असू द्या.’ खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. मीही अंगठा टाकला. 

कुशल म्हणजे आमच्या दुबईतल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या नाटकाचा दिग्दर्शकही तोच. मला त्याने प्रेताची भूमिका दिली. मी श्वास रोखायची प्रॅक्टिस केली, ऑफिसात मीटिंगमध्येसुद्धा. आठवडा उरला असताना म्हणाला, नाटक लांबतंय, प्रेताचा प्रवेश कापू. आभारप्रदर्शनात चहावाल्याचं नाव होतं, माझं नव्हतं. परदेशात मराठी माणूस मराठी माणसाचे पाय ओढतो म्हणतात. माझे पाय धरून मला विंगेत ओढत नेणार होते, तेवढंही नशिबी आलं नाही.

संकल्प: ईशानीपण नववीतच आहे. शुभ्राच्याच क्लबात आहे. ती शुभ्राच्या आधी आणि शुभ्रापेक्षा मोठ्या कॉलेजात गेली पाहिजे. कुशलने स्टेजवर माझं अभिनंदन करायचं. माइकवरून. नाव घेऊन.

४ ऑक्टोबर, शनिवार.

दिवसभर रिसर्च. तिकडची कॉलेजं हॉकीसाठी मुली हेरतात आणि स्कॉलरशिप देऊन नेतात. हेरायला सुरुवात आठवी-नववीतच. मात्र दहावीनंतरचा जून उजाडेपर्यंत कोचने मुलीशी बोलायचं नाही, तिच्या आईबापाशीही नाही. नुसतं बघायचं. क्लबच्या कोचशी बोललं तर चालतं. थोडक्यात मुलगी बघण्याचा कार्यक्रम, फक्त बोलणं नाही आणि पोहे नाहीत.

सापडेल त्या प्रत्येक कॉलेजच्या कोचला मेल टाकली. सब्जेक्ट: ‘वॉर्म ग्रीटिंग्ज फ्रॉम दुबई’.

५ ऑक्टोबर.

उत्तरं आली! काही तर मेल गेली त्याच मिनिटाला. याचा अर्थ माणसं वाट बघत बसली होती. सगळ्यांनी एकच लिहिलंय की तुमच्या इंटरेस्टबद्दल आभार, नियमांमुळे या वेळी उत्तर देता येत नाही. ‘या वेळी’ हे शब्द महत्त्वाचे. पुढच्या वेळी देणार.

अनुराधा म्हणाली, ऑटोमॅटिक रिप्लाय आहेत ते. असतील. कुशलला आलेत का?

११ ऑक्टोबर, शनिवार.

ऊद मेथा भागातल्या क्लबच्या ग्राउंडवर गेलो. एरवी ईशानीला सोडून मी गाडीत झोपतो. आज बसून सगळं पाहिलं आणि डोळे उघडले. शुभ्रा फॉरवर्ड. पळते, मारते, सगळे तिच्या नावाने ओरडतात. माझी मुलगी गोलात. पॅड, हेल्मेट, जाडजूड हातमोजे. चेहरासुद्धा दिसत नाही. अमेरिकेतून कोच आला तर बघणार काय, जाळी?

सांगलीला आमच्या गल्लीत गोलात कोण उभा राहायचा? ज्याला पळता येत नाही तो. मीच उभा राहायचो. म्हणजे मी हे अनुभवाने बोलतोय.

कोच ताजबी मॅडमना गाठलं. मूळच्या मिरजेच्या, आवाज असा की शिट्टीची गरज नाही. मी सरळ विचारलं की दोन वर्षं माझ्या मुलीला गोलात का डांबलंय. त्या म्हणाल्या, साहेब, तुमची मुलगी मागे उभी आहे म्हणून बाकीच्या दहाजणी पुढे निवांत खेळतात. म्हणजे उघड कबुली! बाकीच्यांना, विशेषतः एकीला, निवांत खेळता यावं म्हणून माझ्या मुलीला वापरलं जातंय.

मी म्हटलं, तिला फॉरवर्ड करा. त्या म्हणाल्या, ईशानीने स्वतः येऊन सांगितलं तर बघू. बापाच्या सांगण्यावरून मी टीम हलवत नाही. खलास.

मॅडमही कुशलला सामील. त्यांचाही हिशेब होईल.

२२ ऑक्टोबर. पाडवा.

मंडळाचा फराळ, बर दुबई भागात. कुशल सिल्कच्या कुर्त्यात, जणू लग्न त्याचंच. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, काय रे सदानंद, ईशानी अजून गोलातच ना? छान, छान. कुणीतरी थांबायला हवंच. चारचौघे हसले. मीही हसलो. हातात चकली होती, ती मोडली. मनात मात्र त्याची मान होती.

अनुराधा ओवाळताना म्हणाली, आज तरी चेहरा सरळ ठेव.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

ईशानीला प्रेमाने समजावलं की तू फॉरवर्ड हो, मॅडमना जाऊन सांग. नाही म्हणाली. का? आय लाइक इट बॅक देअर, म्हणाली. तिथून सगळं ग्राउंड दिसतं म्हणे. कोण कुठे चुकतंय ते तिला आधी कळतं, ती ओरडून सांगते आणि सगळ्या ऐकतात. एव्हरीवन लिसन्स टु मी देअर, हे दोनदा म्हणाली.

अनुराधा भाजी चिरता चिरता म्हणाली, घरात कुणी ऐकत नाही ना, म्हणून असेल. टोमणा कुणाला होता ते कळलं नाही.

वय चौदा. या वयात स्वतःचं भलं कळत नाही. मला चाळिशीत कळायला लागलं.

२ नोव्हेंबर.

मार्ग सापडला. ताजबी मॅडमना मेल: ‘जड पॅडमुळे ईशानीच्या पाठीत दुखते. डॉक्टरांनी गोलकीपिंग पूर्ण बंद सांगितले आहे. मुलगी हळवी आहे, तिच्याजवळ पाठीचा विषय कृपया काढू नये.’

हे खोटं नाही. कंपनीच्या पिकनिकला एक डॉक्टर भेटले होते. बुफेच्या लाइनमध्ये ते म्हणाले होते की जास्त वजन पाठीला वाईट. हा वैद्यकीय सल्लाच झाला. ते माझ्या पोटाकडे बघून बोलत होते ही गोष्ट वेगळी.

मॅडमचं लगेच उत्तर की वाईट वाटलं, काळजी घ्या, पॅड फिझाला देते. फिझा म्हणजे बदली गोलकीपर, क्लबात नवी आहे. ईशानीला मी सांगितलं की मॅडमना नवा प्रयोग करायचाय. अनुराधालाही तेच. ईशानीने विचारलं, डिड आय डू समथिंग राँग? मी म्हटलं, नाही गं, हे प्रमोशन आहे. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आनंद पचवायला वेळ लागतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

ईशानीची फॉरवर्ड म्हणून पहिली मॅच. नवा ट्रायपॉड घेतला. साडेतीनशे दिरहम, म्हणजे आठ हजारांच्या वर. सुडात काटकसर चालत नाही.

मॅचमध्ये थोडी अडचण झाली. गोलकीपरला पायाने बॉल अडवता येतो, बाकीच्यांना नाही. ईशानीकडे बॉल आला की तिचा पाय आपोआप आडवा जातो. शिट्टी. फाउल. पुन्हा बॉल, पुन्हा पाय, पुन्हा शिट्टी. शुभ्राने दिलेला पासही हिने पायानेच अडवला. अडवला मात्र काय सुंदर! अंपायर बाईंना हे दिसत नाही. त्यांची आणि कुशलची ओळख आहे का ते काढलं पाहिजे.

मॅच संपल्यावर मॅडमनी ईशानीला एकटीला बाजूला घेऊन पाठीचे व्यायाम करायला लावले. फॉरवर्ड लोक हे करतात का, असं तिने गाडीत विचारलं. मी म्हटलं, सगळे मोठे फॉरवर्ड करतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

सकाळी पार्कात खासगी कोचिंग. दोन बॅगा ठेवून गोल केला, मी गोलात, ईशानी मारणार. तिने दोन बॉल मारले आणि थांबली. म्हणाली, बाबा, यू आर स्टँडिंग ऑल राँग. मग मला शिकवत बसली. गुडघे वाकव. टाचा उचल. बॉलकडे नाही, स्टिककडे बघ. पुढे ये, मागे राहिलास तर गोल मोठा होतो. एक बॉल मी पोटावर अडवला तर ती जमिनीवर लोळून हसली. महिन्याभरात तिला हसताना पाहिलं नव्हतं. माझी पोटरी सुजली. मग गार्डने हाकललं.

फॉरवर्डचा सराव राहूनच गेला. सकाळ वाया.

१३ डिसेंबर, शनिवार.

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत लिहावा असा. आपली टीम सडकून हरली.

फिझा गोलात भांबावते. बॉल आला की डोळे मिटते. मग बाकीच्या पोरी घाबरून मागेच थांबतात. शुभ्रासुद्धा सारखी मागे पळत होती, गोल वाचवायला. समोरच्या गोलावर तिने अख्ख्या मॅचमध्ये एक फटका मारला नाही. कुशल कुंपणाला धरून उभा होता, तोंड कारल्यासारखं. पुढच्या महिन्यात अबुधाबीला मोठी टूर्नामेंट आहे. ते अमेरिकेचे कोच खास बघायला येणार आहेत, तिथे शुभ्रा अशी खेळली तर काय दिसेल!

ईशानीने गाडीत बसून स्टिक पायांशी टाकली. मग एकदम म्हणाली, आय कुड हॅव स्टॉप्ड ऑल ऑफ देम. मी म्हटलं, बेटा, आपल्याला अडवायचं नाहीये, आपल्याला पुढे जायचंय. वाक्य छान जमलं. भाषणात घ्यायचं.

२० डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ५.

कुशल आला. माझ्या घरी. स्वतःच्या पायांनी. हातात बाकरवडी.

सोफ्याच्या कडेवर बसला. आधी हवापाण्याचं बोलला, मग मुद्द्यावर आला. अरे, टीमची वाट लागली आहे. शुभ्राला पुढे जाताच येत नाही. ईशानीची पाठ आता कशी आहे? मी झटकन स्वयंपाकघराकडे पाहिलं. अनुराधाने मिक्सर लावला होता, देवाची कृपा. तर कुशल म्हणाला, अबुधाबीच्या दोन दिवसांपुरती तरी ईशानी गोलात उभी राहील का? प्लीज, हात जोडतो. आणि खरोखर जोडले!

या क्षणासाठी मी आरशासमोर हसू घोटवून ठेवलं होतं. ते हसलो. म्हटलं, कुशलराव, नाटक लांबलं की प्रवेश कापावे लागतात. तो गोलाचा प्रवेश मी कापलाय.

तो म्हणाला, कुठलं नाटक?

मी सांगितलं. प्रेत म्हटलं, स्टेज म्हटलं, पाय म्हटलं. तो खूप वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, तू होतास का त्या नाटकात?

या अपमानाचा हिशेब वेगळा होईल. मी त्याला उठवलंच.

ईशानी खोलीच्या दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही. तिने विचारलं, दे नीड मी? मी म्हटलं, नाही. तिने एक बाकरवडी उचलली आणि परत गेली. पाठीचं बहुतेक ऐकलं नसावं. ऐकलं असतं तर विचारलं असतं.

२४ जानेवारी, शनिवार. अबुधाबी.

पहाटे निघालो. अनुराधा पुढे, ईशानी मागे कानात हेडफोन घालून. रस्त्यात कडक चहा. मी ईशानीच्या नंबरचा टी-शर्ट छापून घातला होता. ईशानी म्हणाली, बाबा, प्लीज जॅकेट घाल. चक्क मराठीत घाल म्हणाली. मी घातलं, पण चेन उघडी ठेवली.

अमेरिकन कोच बाई आल्या. उंच, टोपी, हातात टॅब्लेट. मी खास छापलेलं कार्ड घेऊन पुढे झालो. नाव, ईशानीचा नंबर, मागे तिचा फोटो. बाईंनी दोन्ही हात वर केले, म्हणाल्या हेलो, हसल्या आणि बाजूने निघून गेल्या. नियमच आहे, बोलता येत नाही. नियम असतानाही हेलो म्हणाल्या! आणि हेलो कसं? हे-लो. मधे किंचित थांबून. कुशलला नुसती मान हलवली. मी तिथेच होतो, नीट पाहिलं.

एक विचित्र गोष्ट. सगळे कोच मधल्या स्टँडमध्ये बसले होते. या बाई थेट आपल्या गोलाच्या मागे जाऊन बसल्या. बहुधा सावली तिथे होती. ईशानी दुसऱ्या टोकाला असल्याने जरा लांब पडलं. मी कुंपणाजवळून हातवारे करून दाखवत होतो की तिकडे, तिकडे बघा. एका वॉलंटियरने मला खुर्चीवर बसवलं.

मॅच. ईशानीचे दोन फाउल, पायाचे. मग एकदा फिझा पडली, गोल रिकामा, बॉल आत चाललेला. ईशानी कुठून आली कळलं नाही. ग्राउंडभर पळत आली आणि रेषेवर पाय घालून बॉल अडवला. बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या! शिट्टी झाली. नियमाने चूकच ती, समोरच्यांना पेनल्टी मिळाली आणि त्यावर गोल झाला. बाई तशाच उभ्या होत्या. मग ताजबी मॅडमशी कोपऱ्यात काहीतरी बोलल्या, टॅब्लेट बॅगेत टाकला आणि हाफ टाइमलाच निघून गेल्या.

अर्थ उघड आहे. जे बघायचं ते बघून झालं, निर्णय पक्का. शुभ्रासाठी त्या थांबल्यासुद्धा नाहीत. कुशल बिचारा पार्किंगपर्यंत मागे पळाला.

येताना गाडीत मी गात होतो. बाकी दोघी थकल्या होत्या.

२६ जानेवारी.

ग्रुपवर टाकलं: ‘लवकरच मोठी बातमी, इन्शाल्ला.’ आठ अंगठे. कुशलचा नाही.

मंडळाच्या स्टेजवरच्या भाषणाचा मसुदा तयार. कुशलचे आभार मानायचे नाहीत. चहावाल्याचे मानायचे.

३० जानेवारी, शुक्रवार.

ताजबी मॅडमचा फोन. उद्या प्रॅक्टिसनंतर आईवडील दोघांनी यावं, ईशानीबद्दल बोलायचंय. आवाज गंभीर. चांगल्या बातमीला असाच आवाज लागतो, नाहीतर माणसं हुरळतात.

पेढे आणले. मीना बाजारातून, पाऊण किलो. गाडीच्या डिकीत लपवले.

३१ जानेवारी, शनिवार.

पेढे डिकीतच आहेत.

झालं असं. ग्राउंडच्या बाकावर मॅडम, अनुराधा, मी, ईशानी. मॅडम म्हणाल्या की आता तरी तुम्हाला सांगायला हवं. अमेरिकेच्या कोच बाईंनी दसऱ्याच्या आधीच क्लबकडे व्हिडिओ मागितले होते. कुशलने पाठवलेल्या व्हिडिओत शुभ्रा प्रॅक्टिसला गोलावर फटके मारत होती. ते बघून बाईंनी विचारलं होतं की हे सगळे फटके अडवणारी ही कोण? मागितलेले व्हिडिओ ईशानीचे होते. त्यांना गोलकीपर हवी आहे. बाकी काही नको.

पोरीच्या डोक्यात हवा जायला नको आणि आईबापांनी घोळ घालायला नको म्हणून मॅडमनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुशलने ऐकीव गोष्टीवरून स्वतःच आपल्या मुलीचं समजून घेतलं. म्हणजे तो चार महिने फुकट मिरवला. हे कळल्यावर मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही.

पाठीचं कळल्यावरसुद्धा बाई अबुधाबीला आल्या. कदाचित बरी झाली असेल, पॅड घालून उभी राहील, म्हणून गोलामागे जाऊन बसल्या. तिथे फिझा. ईशानीने रेषेवर तो बॉल अडवला तेव्हा त्यांनी मॅडमना पुन्हा विचारलं की पाठीला नक्की काय झालंय. मॅडमनी माझी मेल सांगितली. डॉक्टरांनी पूर्ण बंद केलंय. बाई म्हणाल्या, चौदाव्या वर्षी पाठ अशी असेल तर मी हिला घेऊ शकत नाही, फार वाईट वाटतंय. आणि गेल्या.

एवढं सांगून मॅडम ईशानीकडे वळल्या आणि मायेने म्हणाल्या, बेटा, इतके दिवस विचारलं नाही, पपांनी नको म्हटलं होतं. आता दुखतं का पाठीत?

ईशानी म्हणाली, व्हॉट पेन?

मग तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी रिकाम्या गोलाकडे बघत होतो. त्या पिकनिकच्या डॉक्टरांचं सांगावं असं मनात आलं. 

मॅडमनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या की मी बाईंना आज खरं काय ते कळवते. पुढे त्यांची मर्जी. एकदा शंका आली की ही माणसं दुसरी मुलगी बघतात, जगात मुली खूप आहेत.

गाडीत अनुराधा मागे बसली, ईशानीजवळ. पुढची सीट रिकामी. मी म्हटलं, हे मी तुझ्यासाठीच केलं. अनुराधा म्हणाली, गाडी चालव.

१ फेब्रुवारी.

सकाळी ईशानी हॉलमध्ये आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. ही पोरगी आमच्याशी इंग्रजीतच बोलते, मराठीत विचारलं तरी. आज मराठीत बोलली. सावकाश, मला नीट कळावं म्हणून.

बाबा, मी परत गोलात जाणार आहे. मॅडमना मी स्वतः सांगितलंय. तू माझ्या मॅचला येऊ नकोस.

मी विचारलं, कधीपर्यंत? तिने खांदे उडवले. मग बाल्कनीत पॅड उन्हात घातले. फिझाने परत दिलेत.

३ फेब्रुवारी.

बाईंचं मॅडमना उत्तर नाही.

कोणाचा सूड घ्यायचा याचा विचार केला. कुशल, मॅडम, अंपायर, पिकनिकचे डॉक्टर. एकेकाला धरून पाहिलं. कुणाचाच राग टिकेना. मग भाषणाचा मसुदा फाडला. अनुराधाने तुकडे उचलले आणि न वाचता केरात टाकले.

५ फेब्रुवारी.

अजून उत्तर नाही. आज ईशानीला विचारणार होतो. ती जेवताना अनुराधाशी बोलत होती. मी मीठ मागितलं तर ते तिने माझ्याकडे सरकवलं, बघितलं नाही. मीठ आधीच बरोबर होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार. ऊद मेथा, पार्किंगमध्ये.

आज तिची परत गोलात पहिली मॅच. दोघींना सोडलं. अनुराधा उतरताना म्हणाली, तू घरी जा, आम्ही टॅक्सीने येऊ. ईशानी पॅडची बॅग ओढत आत गेली. उचलू का म्हणून विचारणार होतो. पाठीचं आठवलं आणि डिकी लावून टाकली.

घरी गेलो नाही. पार्किंगमध्ये भिंतीलगत गाडी लावली. भिंतीपलीकडे ग्राउंड. काही दिसत नाही. नुसते आवाज. आधी स्टिकचे, मग पोरींचे. त्यांत ईशानीचा ओळखू येतो. लेफ्ट, लेफ्ट, स्टे, असं ओरडते आहे. एवढा मोठा आवाज तिला आहे हे मला माहीत नव्हतं.

एकदम मोठा ओरडा झाला. टाळ्या. गोल झाला की अडवला, नुसत्या आवाजावरून काहीच कळत नाही. दोन्हींना लोक सारखेच ओरडतात.

अनुराधाला फोन केला. तिने कापला. मॅडमना करायचं धाडस होईना. आत असलेल्यांत ज्याचा नंबर माझ्याकडे आहे असा आणखी एकच माणूस.

कुशलला मेसेज केला: ‘काय झालं? गोल की अडवला?’

निळ्या टिक्स लगेच आल्या. उत्तर नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं.

आता पुन्हा ओरडा झाला. आधीपेक्षा मोठा. काच खाली केली, तरी कळेना. कुशलला आणखी एक मेसेज टाकला. त्यात नुसतं प्लीज लिहिलं.